जुन्या संगणकाचा सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह बिघडला तर

घरोघरी कपाटाच्या तळाशी प्लॅस्टिकचा एक गोल डबा असतो आणि त्यात एकावर एक रचलेल्या तबकड्या. लग्न, मुंज, वास्तुशांत, आजोबांची पंचाहत्तरी, गणेशोत्सवात बसवलेले नाटक, मुलांचे स्नेहसंमेलन. साधारण २००० सालापासून पुढची दहा-बारा वर्षे आपण घरातले सगळे प्रसंग सीडी-डीव्हीडीवर साठवले. त्याआधी कॅसेट होती, नंतर मोबाइल आला. मधल्या काळातला बराचसा ऐवज या तबकड्यांवर आहे आणि पुष्कळ घरांत त्याची दुसरी प्रत कुठेही नाही.

अडचण अशी की नव्या लॅपटॉपला तबकडी घालायला बहुधा जागाच नसते. वाचणारा ड्राइव्ह उरला आहे तो टेबलाखालच्या जुन्या संगणकात. तो वर्षानुवर्षे बंद असतो आणि नेमका गरजेच्या दिवशी रुसतो. ‘ट्रे उघडत नाही’, ‘सीडी घातली की नुसती घरघर होते’, ‘माय कॉम्प्युटरमध्ये ड्राइव्हच दिसत नाही’ या तीन तक्रारी घेऊन सभासद आमच्याकडे वारंवार येतात, म्हणून ही माहिती एका जागी लिहून ठेवत आहोत. जुना ड्राइव्ह पुढची दहा वर्षे चालवण्याचा यात हेतू नाही. तो एकदा नीट चालावा आणि आतला ऐवज बाहेर काढता यावा, एवढेच बघायचे आहे.

एक सूचना आधीच. घरातली एकुलती एक लग्नाची सीडी घालून ड्राइव्हची परीक्षा करू नका. परीक्षेसाठी नेहमी बिनमहत्त्वाची तबकडी घ्या. बाजारातून घेतलेली गाण्यांची एखादी जुनी सीडी असेल तर उत्तम.

दोष कोणाचा, तबकडीचा की ड्राइव्हचा

हे ठरवल्याशिवाय पेचकस हातात घेऊ नये. तीन वेगवेगळ्या तबकड्या लावून पाहा: कारखान्यात छापलेली विकतची सीडी, संगणकावर लिहिलेली म्हणजे ‘बर्न’ केलेली सीडी, आणि एखाद्या सिनेमाची विकतची डीव्हीडी. तिन्ही चालल्या आणि फक्त आपली घरची सीडी अडली, तर दोष त्या सीडीचा. एकही चालली नाही, तर दोष ड्राइव्हचा, केबलचा किंवा विंडोजचा.

सर्वांत बोलका निकाल मधला असतो. डीव्हीडी चालते पण सीडी चालत नाही, किंवा याच्या उलट. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर लागतो आणि डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा. दोन्ही वाचणाऱ्या ड्राइव्हमध्ये त्यासाठी दोन लेझर असतात. त्यातला एक म्हातारा झाला की दुसरा काम करत राहतो. असा निकाल आला तर बाकी खटपटीत वेळ घालवू नका, दुसरा ड्राइव्ह मिळवा.

छापलेली सीडी चालते पण घरी लिहिलेली चालत नाही, हाही नेहमीचा प्रकार. लिहिलेल्या सीडीवरून प्रकाश थोडा कमी परत येतो, आणि पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूवरून तर फारच कमी. त्यामुळे लेन्सवर धूळ बसली की आधी आरडब्ल्यू वाचणे थांबते, मग साधी लिहिलेली सीडी, आणि छापलेली शेवटपर्यंत तग धरते. हा क्रम दिसला तर लेन्स साफ करण्याची वेळ आली आहे असे समजा.

काही वेळा बिघाड नसतोच. ड्राइव्हच्या तोंडावर फक्त ‘कॉम्पॅक्ट डिस्क’ अशी खूण असेल आणि ‘डीव्हीडी’ हा शब्द कुठेच नसेल, तर तो डीव्हीडी वाचणार नाही. १९९० च्या दशकातल्या संगणकात बहुतेक असेच ड्राइव्ह असत. डीव्हीडी घातल्यावर फायली दिसतात पण सिनेमा चालत नाही, असे असेल तर ड्राइव्ह ठीक आहे. विंडोज एक्सपीमध्ये डीव्हीडी चालवणारा डीकोडर मुळात नव्हता, तो वेगळा घालावा लागे. व्हीएलसी प्लेअर टाकला की प्रश्न सुटतो. शिवाय हँडीकॅममधली छोटी ८ सेंटीमीटरची डीव्हीडी ‘फायनलाइझ’ केलेली नसेल, तर ती संगणकाला कोरी वाटते. ती ज्या कॅमेऱ्यात लिहिली त्याच कॅमेऱ्यात घालून फायनलाइझ करावी लागते. कॅमेरा भंगारात गेला असेल, तर अशा डीव्हीडीतला मजकूर काढणारे खास सॉफ्टवेअर असते, पण तोवर ती डीव्हीडी ‘कोरी’ समजून फेकू नका आणि तिच्यावर दुसरे काही लिहू नका.

ट्रे उघडत नाही

ट्रेच्या पुढच्या पट्टीवर बारीक भोक असते. ते कशासाठी हे पुष्कळांना माहीत नसते. संगणक बंद करा, प्लग काढा, कागदाला लावायची तारेची क्लिप सरळ करा आणि तिचे टोक त्या भोकात सरळ आत घाला. आत थोडा विरोध जाणवेल. तो दाबला की ट्रे सुमारे अर्धा सेंटीमीटर बाहेर येतो, मग हाताने हळू ओढावा. टाचणी वापरू नका, ती आखूड पडते. संगणक चालू असताना हे करू नये, कारण आत तबकडी फिरत असू शकते.

आता ट्रे का अडला ते बघू. डेस्कटॉपच्या ड्राइव्हमध्ये ट्रे हलवणारी छोटी मोटर असते आणि तिची शक्ती एका रबरी पट्ट्याने गिअरपर्यंत पोचते. पट्टा जेमतेम बांगडीएवढा. दहा-पंधरा वर्षांत तो सैल पडतो आणि गुळगुळीत होतो. बटण दाबल्यावर मोटरचा ‘झूं’ असा आवाज येतो पण ट्रे हलत नाही, किंवा जरा हलून परत आत जातो, तेव्हा नव्वद टक्के वेळा हा पट्टाच दोषी असतो, असा आमचा अनुभव. क्लिपने ट्रे बाहेर काढला की पट्टा बहुतेक ड्राइव्हमध्ये समोरच दिसतो. तो चिमट्याने काढावा, अल्कोहोलने पुसावा, ज्या कप्पीवर तो बसतो तीही पुसावी. तेवढ्याने भागले नाही तर पट्टा उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटे ठेवून, कोरडा करून परत बसवतात. त्याने रबर थोडे आक्रसते आणि पट्टा काही आठवडे काम देतो. आपल्याला तेवढेच हवे आहे. नवा पट्टा हवा असेल तर जुना बरोबर घेऊन जेल रोडच्या सुट्या भागांच्या दुकानांत मापाने शोधावा. टेपरेकॉर्डरचा पट्टाही कधी कधी बरोबर बसतो. नोटांना लावायचा रबर बँड मात्र लावू नका, तो दोन दिवसांत तुटतो आणि त्याचे तुकडे गिअरमध्ये अडकतात.

बटण दाबल्यावर आवाजच नाही, दिवाही नाही, तर ड्राइव्हला वीज पोचत नाही. त्याबद्दल पुढे. आणि आवाज आहे, दिवा आहे, ट्रे जाम आहे, तर आत दोन तबकड्या एकावर एक गेलेल्या नाहीत ना, हे बघा. घरात लहान मुले असतील तर ही शक्यता आधी तपासावी.

लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हची रचना निराळी. त्याचा ट्रे मोटरने येत नाही, खटका सुटला की स्प्रिंगने बाहेर उडी मारतो. त्याला पट्टा नाही, म्हणून हा दोषही नाही. तबकडी मधल्या गोल खुंटीवर ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबून बसवावी लागते. तशी न बसवता ट्रे आत लोटला की तबकडी घासते, आणि ‘ड्राइव्ह बिघडला’ अशी तक्रार येते.

तबकडी फिरते पण वाचत नाही

ड्राइव्हच्या आत लेन्स असते मसुराच्या डाळीएवढी. ती बारीक तारांवर तरंगत ठेवलेली असते आणि तबकडी फिरताना सेकंदाला शेकडो वेळा वर-खाली, डावी-उजवी सरकून प्रकाशाचा ठिपका नेमक्या रेषेवर ठेवते. सीडीवर दोन शेजारच्या रेषांतले अंतर १.६ मायक्रोमीटर आहे, आपला केस साधारण ५० ते १०० मायक्रोमीटरचा. म्हणजे एका केसाच्या जाडीत सीडीच्या तीस तरी रेषा मावतील. तिथे धूळ बसली तर काय होईल, हे सांगायला नको. आपल्या माळव्यात उन्हाळ्यात वारा सुटला की खिडक्या बंद ठेवूनही टेबलावर बोटाने नाव लिहिता येते. संगणकाचा पंखा तीच हवा पुढून आत ओढतो आणि तिचा काही भाग ट्रेच्या फटीतून जातो.

बाजारात ब्रश लावलेल्या ‘लेन्स क्लीनर’ सीडी मिळतात. कोरडी, नुकतीच बसलेली धूळ असेल तर त्या उपयोगी पडतात. पण स्वयंपाकघरालगतच्या खोलीत ठेवलेल्या संगणकाच्या लेन्सवर फोडणीच्या वाफेचा चिकट थर असतो, तो त्या ब्रशने निघत नाही. उलट वेगाने फिरणारा ब्रश नाजूक लेन्सला फटकारतो. आम्ही त्या फारशा सुचवत नाही.

हाताने साफ करणे जास्त खात्रीचे. लॅपटॉपमध्ये ट्रे उघडला की लेन्स समोरच असते. डेस्कटॉपमध्ये ड्राइव्ह बाहेर काढून उघडावा लागतो. खालच्या बाजूचे चार स्क्रू काढा, क्लिपने ट्रे बाहेर घ्या, ट्रेची पुढची पट्टी वरच्या दिशेने सरकवून काढा, मग प्लॅस्टिकचा पुढचा मुखवटा तीन खटके दाबून सोडवा, की वरचे पत्र्याचे झाकण निघते. लेन्स मधल्या भागात दिसेल. कानात घालायचा कापसाचा बड, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब. ९९ टक्क्यांचे घ्यावे, इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानात मिळते. बड लेन्सवर अलगद टेकवून एक-दोनदा गोल फिरवा, मग कोरड्या बडने तसेच. जोर अजिबात नको. डोळ्याला काजळ घालताना हात जसा धरतो तसा धरावा. नेलपॉलिशचे रिमूव्हर, पेट्रोल, थिनर यांपैकी काहीही वापरू नका, लेन्स प्लॅस्टिकची असते आणि ती कायमची धुरकट होते. अत्तर किंवा सॅनिटायझरही नको, त्यातला चिकट अंश मागे राहतो. दहा मिनिटे सुकू द्या.

झाकण उघडलेलेच असताना त्या दोन चकचकीत दांड्यांकडेही लक्ष द्या, ज्यांवरून लेन्सची गाडी आत-बाहेर सरकते. त्यांवरचे वंगण वाळून मेणासारखे झालेले असते. सीडीची सुरुवात वाचते पण पुढे कुठेतरी अडकते, किंवा ‘टक टक टक’ असा आवाज येतो, त्याचे एक कारण हे. जुने वंगण अल्कोहोलने पुसून काढा आणि पांढऱ्या लिथियम ग्रीसचा मोहरीएवढा ठिपका लावा. शिलाई मशीनचे तेल वाहत जाऊन लेन्सवर पोचते. खोबरेल तेलाची गोष्टच नको, ते हिवाळ्यात थिजते.

झाकण उघडे ठेवून ड्राइव्ह चालवून पाहायचा मोह होतो. तो टाळा. सीडीचा लेझर डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे तो चालू आहे हे कळत नाही आणि डोळ्याला इजा होऊ शकते. बंद ड्राइव्ह मात्र पूर्णपणे सुरक्षित असतो.

संगणकाला ड्राइव्ह दिसतच नाही

इथे क्रम पाळला तर निम्मा त्रास वाचतो. आधी विंडोजला बाजूला ठेवा. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसमध्ये जा आणि यादीत ड्राइव्हचे नाव आहे का पाहा. नाव नसेल तर दोष केबल, वीज किंवा खुद्द ड्राइव्ह यांत आहे. नाव असेल तर पुढची परीक्षा: विंडोजची मूळ सीडी घालून संगणक पुन्हा सुरू करा. ‘प्रेस एनी की टू बूट फ्रॉम सीडी’ अशी ओळ पडद्यावर आली, की समजा ड्राइव्ह, केबल, लेझर सगळे धडधाकट आहे आणि गोंधळ आहे तो विंडोजमध्ये. (ती ओळ पाहिल्यावर कुठलेही बटण दाबू नका. विंडोज नव्याने घालायला बसायचे नाही आपल्याला.)

केबलचे दोन प्रकार. साधारण २००५ पूर्वीच्या संगणकात रुंद, चपटी, ४० छिद्रांची आयडीई पट्टी असते. तिच्या एका कडेला लाल रेघ असते. ती रेघ ड्राइव्हच्या विजेच्या जोडणीकडे असावी. एका पट्टीवर दोन उपकरणे बसतात आणि त्यांतले एक ‘मास्टर’, दुसरे ‘स्लेव्ह’ असावे लागते. ड्राइव्हच्या मागे चिमुकली टोपी, म्हणजे जंपर, असते, तिने हे ठरते. दोन्ही मास्टर झाले की कधी एक दिसते, कधी दुसरे, कधी एकही नाही. मधे कोणी हार्ड डिस्क बदलून दिली असेल आणि तेव्हापासून सीडी ड्राइव्ह गायब झाला असेल, तर जंपर आधी तपासा. नंतरच्या संगणकांत अरुंद साटा केबल आली, तिथे मास्टर-स्लेव्हची भानगड नाही, पण ती नुसत्या धक्क्याने सैल होते. काढून घट्ट बसवा, न जमल्यास मदरबोर्डवरच्या दुसऱ्या जागी लावून पाहा. हे सगळे प्लग काढून, आणि हात लावण्याआधी केबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला एकदा स्पर्श करून.

प्रत्येक वेळी संगणक सुरू करताना तारीख चुकीची दिसत असेल, तर मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही गोल बॅटरी संपली आहे. ती संपली की बायोसमधल्या नोंदी विसरल्या जातात, आणि त्यात कधी सीडी ड्राइव्हची नोंदही जाते. बॅटरी घड्याळवाल्याकडे मिळते.

आता विंडोजचा गोंधळ. एक्सपी, व्हिस्टा आणि ७ मध्ये एक दुखणे फार पसरलेले होते. सीडी लिहिण्याचे एखादे सॉफ्टवेअर काढून टाकले, की त्याच्या दोन नोंदी मागे राहतात आणि ड्राइव्ह अचानक दिसेनासा होतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या नावापुढे पिवळे उद्गारचिन्ह आणि ‘कोड ३९’ (कधी ३१, ३२ किंवा १९) दिसतो. उपाय रजिस्ट्रीत आहे. रन मध्ये ‘रेजएडिट’ लिहून उघडा. आधी फाइल मेनूतून संपूर्ण रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवा, हे टाळू नका. मग लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, क्लास या वाटेने जाऊन ज्या फोल्डरचे नाव ४डी३६ई९६५ या अक्षरांनी सुरू होते ते उघडा. अक्षरे इंग्रजीतली, हे ओघानेच आले. शेजारी ४डी३६ई९६६, ९६७ अशी जवळजवळ सारखी नावे आहेत, त्यांना हात लावायचा नाही. उजवीकडे ‘डीव्हीडी/सीडी-रॉम’ असा उल्लेख दिसला तर आपण बरोबर ठिकाणी आहोत. तिथे ‘अप्परफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ या नावांच्या नोंदी असतील तर तेवढ्याच पुसा आणि संगणक पुन्हा सुरू करा. बहुतेक वेळा ड्राइव्ह परत येतो. सीडी लिहिण्याचे एखादे सॉफ्टवेअर यानंतर चालेनासे झाले तर ते नव्याने घालावे लागते. रजिस्ट्रीचा सराव नसेल तर हे घरातल्या जाणत्या मुलाकडून करून घ्यावे.

एक्सपीमधले दुसरे दुखणे म्हणजे ड्राइव्ह चालतो, पण गोगलगायीच्या चालीने. गाणे अडखळते, माउसही अडखळतो. खरचटलेली सीडी वाचताना सहाहून अधिक चुका झाल्या की एक्सपी ‘डीएमए’ हा जलद मार्ग बंद करून ‘पीआयओ’ या मंद मार्गावर जातो, आणि सीडी बदलली तरी तिथेच राहतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ज्या आयडीई चॅनेलवर ड्राइव्ह आहे तो अनइन्स्टॉल करा आणि संगणक पुन्हा सुरू करा. विंडोज त्याला नव्याने ओळखते आणि वेग परत येतो.

वीज

सीडी घातली, ती फिरायला लागली आणि संगणकच बंद पडून पुन्हा सुरू झाला, असे होत असेल तर ड्राइव्हला दोष देऊ नका. एसएमपीएस थकलेला आहे. ड्राइव्हच्या मोटरला १२ व्होल्ट लागतात, पिवळी तार, आणि आतल्या सर्किटला ५ व्होल्ट, लाल तार. मल्टिमीटर असेल तर संगणक चालू असताना पिवळी आणि काळी यांत ११.४ ते १२.६, लाल आणि काळी यांत ४.७५ ते ५.२५ व्होल्ट यायला हवेत. त्याबाहेर आकडा गेला तर एसएमपीएस बदला. तो उघडू मात्र नये, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतकी वीज उरते. भारनियमनाच्या वर्षांत आपल्याकडचे पुष्कळ संगणक दिवसातून चार वेळा धाडकन बंद पडत आणि चालू होत. त्या काळातले एसएमपीएस आज कुरकुरतात यात नवल नाही.

तबकडीची काळजी

सीडी १.२ मिलिमीटर जाड असते आणि आपल्याला वाटते की मजकूर खालच्या चकचकीत बाजूला आहे. तो खरे तर वरच्या बाजूला, नावाच्या छपाईच्या लगेच खाली असतो, त्यावर फक्त लाखेचा पातळ लेप. म्हणून बॉलपेनने सीडीवर ‘चि. सौ. कां. लग्न’ असे दाबून लिहिणे हे खालून ओरखडा काढण्यापेक्षा वाईट. खालचा ओरखडा निदान घासून कमी करता येतो, वरून गेलेला मजकूर गेलाच. डीव्हीडीत मजकुराचा थर दोन पातळ तबकड्यांच्या मधोमध असतो, त्यामुळे ती या बाबतीत जरा कणखर. कागदी लेबल चिकटवले असेल तर ते सोलू नका, बरोबर मजकुराचा थर उचकटून येतो.

साफ करायची तर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एक थेंब, आणि आजीच्या जुन्या नऊवारीसारखे मऊ झालेले सुती कापड. मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसावे, गोल फिरवून पुसू नये. आडवा ओरखडा ड्राइव्हची चूक-दुरुस्ती सांभाळून घेते, पण रेषेच्या दिशेने गेलेला गोल ओरखडा सलग मजकूर खातो. कागदी लेबल असेल तर पाणी टाळा, नुसते कोरडे पुसा. टूथपेस्ट लावून घासण्याचा उपाय पुष्कळांना माहीत असतो. तो क्वचित लागू पडतो, पण आधी दुसऱ्या दोन ड्राइव्हमध्ये तबकडी घालून पाहा. दोन ड्राइव्ह सारखे नसतात. एकाने नाकारलेली सीडी दुसरा सहज वाचतो, आणि जिथे ती लिहिली गेली तो ड्राइव्ह हाताशी असेल तर त्याला पहिला मान द्यावा.

भोकाजवळ तडा गेलेली तबकडी कधीही घालू नका. ५२ एक्सचा ड्राइव्ह तिला मिनिटाला सुमारे १०,००० फेऱ्यांनी फिरवतो. तडकलेली तबकडी आत फुटते, ड्राइव्ह जातो आणि तुकडे बाहेर उडू शकतात.

ऐवज बाहेर काढताना

ड्राइव्ह चालू झाला की त्याच दिवशी बसा. ‘दिवाळीच्या सुट्टीत करू’ असे म्हटलेले ड्राइव्ह पुन्हा बंद पडलेले आम्ही पाहिले आहेत. ज्याची दुसरी प्रत नाही ते आधी, सिनेमे आणि गाणी शेवटी.

लग्नाच्या व्हीसीडीत ‘एमपीईजीएव्ही’ नावाचे फोल्डर असते, त्यातल्या ‘डॅट’ फायली म्हणजे चित्रीकरण. त्या उचलून हार्ड डिस्कवर आणायच्या, व्हीएलसीत त्या तशाच चालतात. पण व्हीसीडीत एक मेख आहे. जागा वाचवण्यासाठी चित्रीकरणाच्या भागातून चूक-दुरुस्तीचा एक थर काढून टाकलेला असतो, म्हणून साध्या सीडीपेक्षा ती लवकर अडते आणि विंडोज ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ असे म्हणून संपूर्ण फाइल सोडून देते. पाऊण तासाच्या चित्रीकरणात सप्तपदीच्या दोन सेकंदांना ओरखडा, आणि हाताशी काहीच नाही. अशा वेळी वाचता येईल तेवढे घेऊन पुढे जाणारे सॉफ्टवेअर वापरावे. आयसोबस्टर व्हीसीडी ओळखतो. साध्या डेटा सीडी आणि डीव्हीडीसाठी लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू विनामूल्य आहे. तो आधी सोपा भाग वाचून घेतो आणि अवघड जागांवर नंतर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. रात्रभर चालू दे. दोन सेकंद चित्र फाटेल, बाकीचे लग्न हाती लागेल.

प्रती पेन ड्राइव्हवर नेताना दोन गोष्टी आड येतात. पेन ड्राइव्ह फॅट-३२ प्रकाराचा असेल तर ४ जीबीहून मोठी एक फाइल त्यावर बसत नाही, आणि पूर्ण डीव्हीडीची प्रतिमा ४.७ जीबीपर्यंत जाते. पेन ड्राइव्ह रिकामा करून एनटीएफएस प्रकाराने फॉरमॅट करा. आणि फारच जुन्या संगणकाचा यूएसबी १.१ प्रकारचा असेल तर तो सेकंदाला जेमतेम १ एमबी नेतो, एका डीव्हीडीला तासाच्या वर लागतो. त्यापेक्षा नव्या लॅपटॉपला बाहेरून लावायचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह घ्यावा, तीन-चार घरांत मिळून एक पुरतो. तो लावल्यावर नुसता ‘टिक टिक’ करून थांबला तर त्याला वीज कमी पडते आहे. हबमधून काढून लॅपटॉपच्या स्वतःच्या जागेत लावा, किंवा दोन तोंडांची केबल वापरा. एक्सपीला मायक्रोसॉफ्टकडून ८ एप्रिल २०१४ नंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणून तो संगणक इंटरनेटला न जोडता वापरा आणि तिथून आलेला पेन ड्राइव्ह नव्या संगणकावर अँटीव्हायरसने तपासून घ्या.

ज्यांच्याकडे १.४४ एमबीच्या फ्लॉपी आहेत त्यांच्यासाठीही यूएसबीवरचा फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो, पण तो फक्त साडेतीन इंची फ्लॉपी वाचतो. जुन्या संगणकातल्या फ्लॉपी ड्राइव्हचा दिवा सुरुवातीपासून सतत पेटलेला राहिला, तर त्याची चपटी केबल उलटी लागली आहे. फ्लॉपीचा पत्रा सरकवून आत पांढरट ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. ती फ्लॉपी घालू नका, ड्राइव्हच्या डोक्याला लागलेली बुरशी पुढच्या प्रत्येक फ्लॉपीवर जाते.

मराठी मजकुराबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. जुन्या स्मरणिका, वंशावळी, हस्तलिखितांच्या टंकलिखित प्रती यांच्या फायली युनिकोडमध्ये नसतात. त्या श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी अशा फाँटमध्ये असतात, आणि नव्या संगणकावर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. फाइल बिघडलेली नसते, फाँट नसतो. म्हणून जुना संगणक मोडीत देण्यापूर्वी सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरातले फाँट्स हे फोल्डर संपूर्ण उचलून घ्या. आणि तिथेच, जुन्या संगणकावरच, त्या फायली उघडून फाँट आत बसवलेल्या पीडीएफ करून घ्या, म्हणजे निदान वाचता तरी येतील. युनिकोडमध्ये रूपांतर सवडीने करता येते, पण कुठल्या फाइलला कुठला फाँट हे तेव्हाच लिहून ठेवा. ज्यांनी तो मजकूर टंकित केला ते हयात असतील तर त्यांना आजच फोन करून विचारा.